निवडलेली वरई

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे माझ्या हाताखालून गेलेला कुठलाही विद्यार्थी सांगेल. नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात मी यंत्र अभियांत्रिकी शिकवायचे. त्या विभागात मी एकटीच बाई. कुणी आपल्याला गृहीत धरू नये म्हणून पहिल्या वर्षीच आवाज चढवून ठेवला होता, तो पुढे उतरवायचा राहूनच गेला. या रागाने माझं नुकसान बऱ्याचदा झालं. एकदा मात्र, पेठ तालुक्यातल्या एका गावात, तो चांगलाच अंगाशी आला आणि त्यातून माझं भलंच झालं. ज्या माणसांमुळे ते झालं, त्यांच्याबद्दल लिहायचं कितीतरी वर्षं मनात होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. प्राचार्यांनी एक दिवस मला बोलावून एक परिपत्रक पुढे सरकवलं. शिक्षणसंस्था, उद्योग आणि शासन यांनी हातात हात घालून आपापल्या भागाचे प्रश्न सोडवावेत, असा त्याचा एकूण सूर होता. तिघांच्या सह्यांचा करार करायचा होता. मी म्हटलं, सर, तीन तिघाडा काम बिघाडा. ते हसले नाहीत. उठून त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. आत आमच्या विद्यार्थ्यांचे दहा-बारा वर्षांचे प्रकल्प अहवाल रचून ठेवलेले होते, काळ्या बांधणीचे, वर सोनेरी अक्षरं. रद्दीवाल्याखेरीज यातलं कुणी काही वाचणार नाही, असं म्हणून त्यांनी कपाट लावलं. मग म्हणाले, "एक तरी असं काम करा, ज्याची कुणीतरी वाट बघत असेल." त्यांना हे किती वर्षं डाचत होतं ते त्या एका वाक्यातून मला कळलं, आणि मी कुरकुर करायची थांबले.

प्रश्न आणून दिला कृषी संशोधन केंद्रातल्या एका अधिकाऱ्यांनी. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर वरई पिकते. ती पोत्यांनी नाशिकच्या गिरण्यांत येते, तिथे तिचं टरफल निघतं आणि उपवासाची भगर म्हणून ती दुकानांत जाते. पिकवणाऱ्या बायका घरापुरती वरई उखळात कांडतात, तीही तीन-तीनदा, कारण ते टरफल फार चिवट असतं. बाकीची पोती व्यापारी सांगेल त्या भावाने खाली उतरतात. गावात, घरच्या विजेवर चालेल अशी छोटी गिरणी का होऊ नये, असं त्यांनी विचारलं. मी जन्माची नाशिककर. दर एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्लेली. पण ती भगर कुठल्या डोंगरावरून येते हे मला त्या दिवशी कळलं, आणि जरा लाजच वाटली.

यंत्र बनवायला माणूस हवा होता. सातपूरला एका शेडमध्ये मोठ्या कंपन्यांसाठी सुटे भाग करणारे एक कारखानदार होते, त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठ शाळेत फारसे गेलेले नव्हते. लेथवर उभं राहून ते सगळं शिकले, आणि अजूनही त्यांच्या नखांत ग्रीस असायचं. मी माझी रेखाटनं टेबलावर पसरली तेव्हा त्यांनी ती नीट पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले, "मॅडम, कागदावर कुठलंबी मशीन चालतं. खाली उतरवा, मग बघू." मला ते झोंबलं. पण सुट्टीच्या दिवशी शेडची किल्ली आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती देणारा दुसरा कारखानदार मला नाशिकमध्ये भेटला नव्हता, म्हणून मी गिळलं. अंबडच्या एका कंपनीने मोटर आणि विजेचं सामान दिलं. शासनाच्या योजनेतून लोखंड आलं.

यंत्राची कल्पना सोपी होती. एक तबकडी वेगाने फिरते, दाणे भिंतीवर फेकते, त्या आपटण्याने टरफल सुटतं आणि पंखा ते उडवून लावतो. सगळी करामत वेगात. कमी झाला तर टरफल निघत नाही, जास्त झाला तर दाण्याची कणी होते. हा वेग ठरवायला मला त्या भागातली वरई हवी होती, म्हणून मी ज्या गावात यंत्र बसवायचं होतं तिथल्या बचत गटाला कॉलेजच्या कागदावर रीतसर पत्र पाठवलं. चाचणीसाठी चांगल्या प्रतीच्या वरईचा नमुना पाठवावा, असं त्यात लिहिलं होतं.

वरई घेऊन गटाच्या प्रमुख स्वतः आल्या. चाळिशीच्या, सडसडीत, कोकणा आदिवासी समाजाच्या. मी त्यांना ताई म्हणायला लागले आणि त्या मला शाळेतल्यासारखं बाई म्हणायच्या. दोन पोती एसटीच्या टपावर टाकून, सावळघाट ओलांडून त्या आल्या होत्या. पोतं उघडलं तर आत दाणा दाणा चकाकत होता. "बघून घ्या बाई, खडा सापडायचा नाय," त्या म्हणाल्या. मला तासाला जायचं होतं. चहा मागवला, आभार मानले आणि निघाले. त्यांनी माझी प्रयोगशाळा एकटीनेच फिरून पाहिली आणि त्या परतीच्या गाडीला गेल्या.

पुढचे काही महिने मी फार खुशीत होते. यंत्र त्या वरईवर अगदी सुरेख चाललं. अख्खी, पांढरी भगर पडत होती, कणी नावालाच. मी अहवाल लिहिला, आलेख काढले, काळी बांधणी केली. प्राचार्यांनी तो चार लोकांना दाखवला. मला वाटलं, आता कपाटात न जाणारं एक तरी काम माझ्या नावावर लागलं.

त्या गावाचं काय पणाला लागलेलं आहे, हे मला दसऱ्याच्या सुमाराला कळलं, यंत्र बसवण्याचा दिवस ठरवायला गेले तेव्हा. दरवर्षी दिवाळी झाली, भात घरात आला, की दिंडोरीकडून मुकादमाची पिकअप येते. गटातल्या अकराही जणी तिच्यात बसतात आणि होळीपर्यंत द्राक्षबागांत घड विरळायला, काढणीला जातात. बागेच्या कडेला पाल ठोकून राहायचं. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. यंत्र चाललं तर हिवाळाभर भगर काढून विकता येईल, आणि मग जायला नको. ताईंनी हे मला अगदी शांतपणे सांगितलं. मुकादमाला यंदा उत्तर द्यायचं लांबवलंय, एवढंच त्या म्हणाल्या.

दिवाळीच्या आठवडाभर आधी टेम्पोत यंत्र घालून आम्ही गेलो. समाजमंदिर आणि पुढचं अंगण सारवून ठेवलं होतं. सगळं गाव जमलं होतं. तबकडी फिरली, ताईंनी नव्या वरईची पहिली पाटी ओतली, आणि दोनच मिनिटांत आतून असा आवाज यायला लागला की पोरं मागे सरली. खाली पडली ती निम्मी टरफलासकट वरई, निम्मी कणी, आणि सगळ्यात बारीक खडे. मग तबकडीचं अस्तरच निखळलं आणि यंत्र थांबलं.

आता सांगायलाच हवं, मी काय केलं ते. मी ओरडले. सगळ्यांसमोर. पाटी चुकीची ओतली, विजेला दाब नाही, दाणा वाळवलेला नाही, सांगितलेलं कुणी नीट ऐकत नाही. नाचता येईना अंगण वाकडे, असं मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं ऐकवत आले होते, आणि त्या दिवशी सारवलेल्या अंगणात उभी राहून स्वतः तेच करत होते. बायका खाली बघत राहिल्या. ताई आत गेल्या आणि आमच्या जेवणाची पानं मांडायला लागल्या.

शेठ मात्र पोत्यापाशी उकिडवे बसले होते. मूठभर दाणे तळहातावर घेऊन त्यांनी फुंकर मारली, चार तोंडात टाकून चावले, थुंकले. मग त्यांनी ताईंना विचारलं की कॉलेजात आणली होती तसली वरई कुठे आहे.

ताई म्हणाल्या, तसली नसतेच. ती कॉलेजात धाडायची म्हणून अकरा जणी तीन दिवस बसल्या होत्या. सुपात घोळून, चाळून, लुगड्यावर दोनदा वाळवून, एकेक खडा वेचून काढला होता. "तुमच्या घरी धाडायची, बाई. मातीची कशी धाडायची? आन कागदात चांगली पाठवा असं व्हतं की."

मी खालीच बसले. दुसऱ्याच्या घरी जे जायचं ते निवडून जायचं, ही त्यांची रीत. खळ्यावर मळलेल्या धान्यात माती आणि खडे असणारच, ते रोज कांडताना घरात निवडलं जातं, पण पाहुण्याच्या हाती ते तसं कोण देईल? आणि मला हवा होता नमुना, जसा असेल तसा. ते मी लिहिलंच नव्हतं. सरकारी पत्रात शोभेल असा एक शब्द घालायचा म्हणून चांगल्या प्रतीचा, असं लिहून मोकळी झाले होते. माझे सगळे आलेख अकरा बायकांच्या तीन दिवसांच्या मेहनतीचे होते, आणि मी ते यंत्राच्या नावावर घातले होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्यातलं मुसळ दिसत नाही, म्हणतात ते काही उगीच नाही.

मी ताईंची माफी मागितली, सगळ्यांसमोरच, कारण ओरडलेही सगळ्यांसमोर होते. त्या म्हणाल्या, आधी जेवा. आम्ही जेवलो. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि उडदाचं भुजं, तिकडचं घट्ट कालवण, होतं. पानात काही टाकायची माझी हिंमत नव्हती.

मला यंत्र परत न्यायचं होतं. नाशिकला नेऊन, सगळा अभ्यास पुन्हा करून, पुढच्या वर्षी आणू, असं मी म्हटलं. शेठ म्हणाले, पुढच्या वर्षी म्हणजे यंदा यांना पिकअपमध्ये बसावंच लागणार. यंत्र इथे अडलंय तर इथेच सुटेल. ते दुसऱ्या दिवशी वेल्डिंगचं सामान आणि दोन कारागीर घेऊन परत आले, दिवाळीचे दिवस असताना. त्यांच्या शेडमध्ये एका कंपनीचं काम चालू होतं, ते त्यांनी मागे ठेवलं. मी प्राचार्यांकडे गेले. अहवाल चुकीचा आहे हे सांगताना मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी सगळं ऐकलं, तो काळा अहवाल माझ्याकडून मागून घेतला आणि स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवला. किती दिवस रजा लागेल, एवढंच त्यांनी विचारलं. त्या एका प्रश्नाबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

दाण्याएवढाच खडा चाळणीने निघत नाही. तो वजनानेच वेगळा करावा लागतो, आणि तसं यंत्र आमच्यापैकी कुणी कधी केलं नव्हतं. ते ताईंच्या हातात होतं. त्या सूप घोळायच्या तेव्हा हलका दाणा पुढे सरायचा आणि खडे मागे, त्यांच्या पोटाकडे, एका ओळीत गोळा व्हायचे. शेठनी त्यांना दुपारभर घोळायला लावलं आणि समोर बसून नुसतं पाहिलं. मी घड्याळ लावून झोके मोजले. मग पत्र्याचं एक तिरकं ताट केलं, खाली स्प्रिंगा, बाजूला मोटरवरचा दांडा. ते हललं, पण खडे आणि दाणे एकत्रच उड्या मारत राहिले. ताईंनी ताटाची कड हातात धरली, डोळे मिटले, आणि म्हणाल्या की हे ढकलतंय. सूप ढकलायचं नसतं, अंगाकडे ओढायचं असतं, ढकलणं आपोआप होतं. माझ्या पदविकेत आणि पदवीत हे कुठेच नव्हतं. शेठनी दांडा उलटा जोडला. स्प्रिंगा बदलल्या. भाऊबीजेच्या दुपारी पहिल्यांदा ताटाच्या वरच्या टोकाला खड्यांची ओळ लागली, आणि बायका हसायला लागल्या. मला वाटतं मीही नाचायचीच बाकी होते.

तबकडीचं अस्तर नवं बसलं. वेग पुन्हा ठरवला, या वेळी गावच्या दाण्यावर. भगर निघाली. पण कणी अजून बरीच पडत होती, आणि यंत्र सलग असं एकच दिवस चाललं होतं. दुसऱ्या सकाळी पिकअप आली.

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने हॉर्न वाजवला, खाली उतरून तंबाखू मळत उभा राहिला. गाठोडी बांधून ठेवलेली होती, कारण कुणालाच काही नक्की माहीत नव्हतं. ताई माझ्याकडे आल्या. हे होळीपर्यंत चालेल का, असं त्या विचारतील असं मला वाटलं, आणि त्याचं खरं उत्तर मला माहीत नव्हतं. महिन्यापूर्वी मी ठणकावून हो म्हटलं असतं. आता मी आधीच सांगून टाकलं की खात्री नाही, हे मोडू शकतं, बहुधा मोडेलच.

"मोडलं तर तुम्ही याल का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, येईन. शेठनी मागून नुसती होकाराची मान हलवली.

ताईंनी मुकादमाला नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या मागून सहा जणींनी गाठोडी घरात परत नेली. चार जणी पिकअपमध्ये चढल्या, आणि त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही चढले असते. गाडी वळणाआड गेली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गणितावर सात चुली अवलंबून होत्या.

यंत्र मोडलं. अनेकदा मोडलं. पण दर वेळी कुणीतरी गेलं, कधी मी, कधी शेठ, कधी आमचे विद्यार्थी. त्यांना त्या वर्षी परीक्षेपेक्षा जास्त विद्या त्या समाजमंदिरात मिळाली. महाशिवरात्रीला त्या सात जणींची भगर पिशव्यांत भरून नाशिकच्या दुकानात आली. पुढच्या वर्षी पिकअप आली तेव्हा त्या गावातून दोघीच गेल्या. ते हलतं ताट नंतर दोन-तीन कारखान्यांनी उचललं, शेठनी कुणालाच अडवलं नाही. कॉलेजात त्यासाठी वेगळी खोली झाली. डोंगरातले लोक तिथे आपले प्रश्न घेऊन यायला लागले, आणि एखादा नवा अध्यापक पत्र लिहायला बसला की मी ते आधी वाचायला मागायचे. दोन हजार सालानंतर तर मला भाषणांना बोलावणी येऊ लागली. प्रादेशिक नवोपक्रम परिसंस्था, असे जिभेला घाम फोडणारे विषय असायचे. पडद्यावर शिक्षण, उद्योग आणि शासन अशी तीन वर्तुळं असायची, एकमेकांत अडकलेली. मी त्यावर बोलायचे, टाळ्याही मिळायच्या. आता वाटतं, प्राचार्य आणि शेठ भेटले नसते तर माझ्या वाट्याला नुसती वर्तुळंच आली असती.

एक गोष्ट मात्र मी कुठल्याच भाषणात सांगितली नाही. त्या पहिल्याच हिवाळ्यात, माघात, पंख्याचा पट्टा तुटल्याचा निरोप आला म्हणून सकाळच्या गाडीने मी गावी गेले. ताई थांब्यावरच उभ्या होत्या. मी समाजमंदिराकडे वळले तर त्यांनी हात धरून मला आधी घराकडे नेलं. दारात आंब्याचं झाड होतं, छपराहून उंच, आणि मोहोराने लगडलेलं. खाली उभं राहिलं की डोक्यावर मधमाश्यांचा आवाज. मी म्हटलं, यंदा आंबे खूप येणार. पण त्यांना आंब्यांचं बोलायचं नव्हतं.

"ह्याची कोय मीच लावली," त्या म्हणाल्या. "दरसाली होळीला घरी येते तव्हा कैऱ्या धरलेल्या असतात. मोहोर कसा असतो ते आजवर बघितलंच नव्हतं."

किती वर्षांचं झाड आहे, मी विचारलं. त्यांनी ओट्यावर बसलेल्या थोरल्या मुलीकडे हात केला आणि ही पोटात होती तेव्हा लावलं, असं सांगितलं. मुलीच्या मांडीवर तिचं स्वतःचं लेकरू होतं.

मला रडू आलं. माझ्याकडे बघून ताईंना हसू आलं. पट्टा बसवायला त्या दिवशी आम्हाला दुपार झाली.